यवतमाळ जिल्ह्यातील चराई हक्कांचे वाद

यवतमाळ जिल्ह्यातील चराई हक्कांचे वाद म्हणजे गायरान व वनजमिनीवर गुरे चारण्याच्या अधिकारावरून पशुपालक, भूमिहीन कसणारे, ग्रामपंचायती, महसूल विभाग आणि वन विभाग यांच्यात उद्भवणारे कायदेशीर वाद होत. महाराष्ट्रात असे वाद सर्वत्र आढळतात. तथापि विदर्भात निस्तार हक्कांची स्वतंत्र तरतूद असल्याने येथील वादांचे स्वरूप काहीसे वेगळे आहे.

पार्श्वभूमी

यवतमाळ हा पूर्वीच्या वऱ्हाड प्रांताचा भाग आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला आणि १९०३ मध्ये तो प्रशासनासाठी मध्य प्रांताला जोडला गेला. वऱ्हाडात गावाची चराईची सरकारी जमीन महसूल दप्तरात ‘ई-वर्ग’ या नावाने ओळखली जाते. बोलीत तिला ‘ई-क्लास’ म्हणतात. पूर्व विदर्भातील मालगुजारी गावांत अशाच प्रकारच्या बऱ्याच जमिनींची नोंद ‘झुडपी जंगल’ अशी आहे.

कायदेशीर तरतुदी

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार गावाच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. कलम २२-अ अन्वये गायरानाचा अन्य कारणासाठी वापर करण्यावर निर्बंध आहेत. विदर्भासाठी कलम १६१ नुसार जिल्हाधिकारी गावकऱ्यांचे मत घेऊन ‘निस्तार पत्रक’ तयार करतात. त्यात चराई, जळाऊ लाकूड, मुरूम इत्यादींच्या अटी नमूद असतात. कलम १६३ मधील मोफत चराईची हमी शेतीच्या गुरांपुरती असल्याने शेळ्या-मेंढ्यांचे कळप पत्रकातील अटींवर अवलंबून राहतात. गायरान गावाच्या उपयोगासाठी असले, तरी त्याची मालकी शासनाचीच असते.

वादांचे प्रकार

अतिक्रमण : गायरान कसणाऱ्यांत अनुसूचित जाती-जमातींतील भूमिहीनांचा मोठा वाटा आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून पडीक जमिनीची मागणी पुढे आली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची पात्र अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. त्यामुळे अनेकदा चराई गमावणारा पशुपालक आणि जमीन कसणारा भूमिहीन हे दोन दुर्बल घटक परस्परांसमोर उभे राहतात.

वनजमीन : भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात विनापरवाना चराई हा गुन्हा आहे. टिपेश्वर व पैनगंगा अभयारण्यांच्या परिसरात निर्बंध अधिक कडक आहेत. याउलट वन हक्क अधिनियम, २००६ चे कलम ३(१)(घ) चराईचा सामूहिक हक्क मान्य करते. हा दावा प्रथम ग्रामसभेपुढे मांडावा लागतो.

पिकांची नासाडी : चराईक्षेत्र घटल्यावर गुरे शेतात शिरतात. गुरे अतिक्रमण अधिनियम, १८७१ नुसार ती कोंडवाड्यात टाकता येतात व दंड भरून सोडवावी लागतात.

न्यायालयीन निर्णय

‘जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याच्या योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शासनाने दिलेले पट्टे आणि शाळा, दवाखाना यांसारख्या सार्वजनिक सोयी अशा बाबींत अपवादाला वाव ठेवला. यानंतर १२ जुलै २०११ रोजी महाराष्ट्र शासनाने गायरानांबाबत शासन निर्णय काढला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली.

या वादांत निस्तार पत्रक, गाव नकाशा आणि अधिकार अभिलेख हे महत्त्वाचे पुरावे ठरतात. जुनी वहिवाट असूनही तिची नोंद नसल्यास चराईचा हक्क सिद्ध करणे कठीण जाते.