मास्किंग टेप (मोटार पॉलिश)

गाडीला मशीनने पॉलिश मारण्याआधी रबरी बीडिंग, काळे प्लॅस्टिक, कंपनीची चिन्हे व पत्र्याच्या कडा झाकणारी कागदी चिकटपट्टी. १९२५ मध्ये अमेरिकेत थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी ती दुरंगी मोटारी रंगवणाऱ्यांसाठी तयार केली. कडेवर रंगाचा थर बहुधा पातळ असतो. मशीनच्या फिरत्या पॅडचा दाब आणि उष्णता तिथेच एकवटते व पाहता पाहता खालचा प्रायमर उघडा पडतो. खरबरीत प्लॅस्टिकमध्ये पॉलिशचे कंपाउंड शिरले, की वाळून पांढरे डाग राहतात. ते काढणे फार जिकिरीचे.

महाड-पोलादपूर भागात टेपआधीची धुलाई टेपइतकीच मोलाची. महामार्गाची धूळ, आंबेनळी व कशेडी घाटांतला चिखल बीडिंगखाली दडतो. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीच्या पुराने तर महाडभर गाळ सोडला. असा एक कण पॅडखाली आला, तरी रंगावर गोल चरे उठतात. पावसाळ्यात फटी नीट पुसून कोरड्या कराव्यात, ओलसर रबरावर टेप धरत नाही. उन्हात ती ठेवू नये, डिंक मागे राहतो. काढताना टोक उलटे दुमडून सावकाश ओढावे; खाली उरलेली निस्तेज रेघ हाताने, मऊ फडक्याने घासावी.