मबाहिस जहाज आणि नाव ठेवण्याचा खर्च

आमच्या परभणीपासून समुद्र चारशे किलोमीटर तरी दूर आहे. पेरणीच्या दिवसांत खताच्या दुकानासमोर रांग लागते तेव्हा तीन शब्द कानावर पडतात: नत्र, स्फुरद, पालाश. यातल्या स्फुरदाने एकदा अरबी समुद्राचा तळ धुंडाळायला पैसे पुरवले होते, असे वर्गात सांगितले तर मुले हसतात. पण गोष्ट खरी आहे.

1872 ते 1876 या काळात ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज जगभरचे समुद्र फिरून आले. सफर साडेतीन वर्षांची, पण तिचे अहवाल पुरे व्हायला 1895 साल उजाडले. एकूण 50 खंड, आणि त्यांत हजारो नव्या प्रजातींची वर्णने. जहाजावर जॉन मरे नावाचे निसर्गअभ्यासक होते आणि पुढे अहवालांची जबाबदारीही त्यांच्याकडेच आली. सरकार खर्चाला कंटाळले. शेवटच्या टप्प्यात मरे यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले. जहाज पाठवायला खजिना उघडतो आणि बरणीतल्या नमुन्याला नाव द्यायची वेळ आली की बंद होतो, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

मरे यांच्या हाती पुढे ख्रिसमस बेटावरचा एक दगड आला. हिंदी महासागरातले हे छोटे बेट. दगड पाहून त्यांनी ओळखले की तो फॉस्फेटचा, म्हणजे आपल्या स्फुरदाचा आहे. 1888 साली ब्रिटनने ते बेट ताब्यात घेतले, 1897 साली कंपनी निघाली आणि मरे श्रीमंत झाले. सरकारला मिळालेला कर आणि रॉयल्टी चॅलेंजर सफरीच्या खर्चाहून जास्त झाली, असे ते सांगत. हे सांगताना त्या खाणींत राबलेल्या चिनी मजुरांना विसरता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांतले शेकडो बेरीबेरीने मेले. विज्ञानाला मिळालेला पैसा कुठून आला, हे विचारायची सवय आपण ठेवली पाहिजे.

मरे 1914 साली मोटार अपघातात गेले. फॉस्फेट कंपनीतल्या भागांच्या उत्पन्नातून समुद्रसंशोधन व्हावे, अशी तजवीज त्यांनी मृत्युपत्रात केली होती. ते पैसे साठत राहिले आणि 1933 साली त्यांतून अरबी समुद्राची मोहीम निघाली. जहाज मात्र इंग्रजांचे नव्हते. ते इजिप्त सरकारने दिले. नाव होते ‘मबाहिस’.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला या नावापाशी थांबावेच लागते. मबाहिस हे मबहसचे अनेकवचन. ज्या मुळापासून आपला ‘बहस’ आला त्याच मुळाचे. अरबीत या मुळाचा पहिला अर्थ शोधणे, धुंडाळणे असा आहे. आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ वादावादी एवढाच उरला.

3 सप्टेंबर 1933 रोजी अलेक्झांड्रियाहून निघालेले हे जहाज कराची, मुंबई, मोंबासा, झांझिबार, कोलंबो, कोचीन अशी बंदरे घेत 25 मे 1934 रोजी परतले. मोहिमेचे प्रमुख सेमूर सेवेल. ते आधी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. कप्तान इंग्रज, पण बहुतेक खलाशी इजिप्तचे. दोन इजिप्शियन वैज्ञानिकही होते: रसायनतज्ज्ञ अब्देल फत्ताह मोहम्मद आणि डॉक्टर हुसेन फौजी. फौजी पुढे अरबीतले नामवंत लेखक झाले. याच सफरीवर त्यांनी आधुनिक सिंदबादचे पुस्तक लिहिले, ते 1938 साली आले.

अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ काही शे मीटर खोलीच्या एका पट्ट्यात जाळे टाकले की ते जवळजवळ रिकामे वर येई. तिथल्या पाण्यात प्राणवायूच अगदी कमी होता. इतरत्र मात्र जाळे भरून येई. मग सुरू झाले खरे काम, ज्याचा फोटो कोणी काढत नाही.

बाळाचे नाव ठेवायचे तर आपल्याकडे सातव्या दिवशी अकीका होतो, शेजारी बारसे होते. माणसे जमतात, खर्च होतो. समुद्रतळाच्या किड्याचे नाव ठेवायला त्याहून जास्त सायास पडतात. पायावरचे केस, जबड्याचे दात सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. जगातल्या वेगवेगळ्या संग्रहालयांत ठेवलेल्या जुन्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहायचे. चित्रे काढायची, वर्णन छापायचे आणि एक नमुना कायमचा जपून ठेवायचा. नमुना हाती आल्यापासून नाव छापून येईपर्यंत सरासरी 21 वर्षे जातात, असे 2012 सालच्या एका अभ्यासात दिसले. नमुना वाट पाहू शकतो. पण त्या प्राण्याला ओळखणारा माणूस निवृत्त होतो आणि त्याची जागा भरली जात नाही.

मबाहिसच्या जाळ्यातल्या कोळंब्यांचे काम इजिप्तच्याच एम. एम. रमदान यांच्याकडे आले. 1938 साली त्यांनी एका लाल कोळंबीला नाव दिले ‘अरिस्टियस अल्कॉकी’. हे अल्फ्रेड अल्कॉक म्हणजे ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावरचे डॉक्टर. 1881 साली मुंबईच्या गोदीत बांधलेले ते जहाज किनाऱ्यांचे नकाशे काढण्यासाठी होते. प्राणी गोळा करणे हा डॉक्टरचा जोडधंदा. पुढे अल्कॉक कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख झाले. तिथे त्या प्राण्यांची चित्रे काढली ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल यांनी. चित्रांवर त्यांची नावे आहेत, हे बरे झाले.

मुंबईच्या जहाजावरचा इंग्रज डॉक्टर, बंगाली चित्रकार, इजिप्शियन नामकर्ता आणि ख्रिसमस बेटावरच्या मजुरांच्या घामाचा पैसा. आज तीच लाल कोळंबी केरळात कोल्लमच्या बंदरावर उतरते आणि विकली जाते. ती किती पकडावी, कधी थांबावे, याचा हिशेब तिला नाव आहे म्हणूनच ठेवता येतो.

आता आपला काळ. 26 जानेवारी 1981 रोजी ‘गवेषणी’ जहाजाने अरबी समुद्राच्या तळातून मँगनीजचा पहिला गोटा वर काढला. गवेषणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे, आणि नावाचा अर्थ पुन्हा शोधणारीच. मध्य हिंदी महासागरात 75,000 चौरस किलोमीटर तळ या गोट्यांसाठी भारताकडे आहे. 2021 साली केंद्राने डीप ओशन मिशनला 4,077 कोटी रुपये मंजूर केले. तिच्या सहा घटकांपैकी एक खोल समुद्रातल्या जीवसृष्टीचा आहे. वर्तमानपत्रांत मात्र फोटो येतो तो माणसे घेऊन 6,000 मीटर खाली जाणाऱ्या पाणबुडीचा.

प्रशांत महासागरात अशाच गोट्यांच्या एका मोठ्या पट्ट्याची मोजदाद 2023 साली झाली. तिथे सापडलेल्या साधारण साडेपाच हजार प्रजातींपैकी नव्वद टक्क्यांना नावच नव्हते. खाणीचे परवाने देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाने 2030 पर्यंत हजाराहून जास्त नव्या प्रजातींची वर्णने करण्याचा संकल्प सोडला आहे. परवाना देणाऱ्यानेच शिरगणती करावी, हे मला जरा खटकते. तरी पैसा नामकरणासाठी म्हणून वेगळा काढला जातोय, हे चॅलेंजरच्या काळापेक्षा पुढचे पाऊल आहे. खाण सुरू झाल्यावर कोण गेले हे विचारायचे असेल, तर आधी कोण होते याची यादी हवी.

मबाहिसच्या मोहिमेचा शेवटचा अहवाल 1967 साली छापला गेला. जहाज परतून तोपर्यंत 33 वर्षे झाली होती आणि मरे जाऊन 53.