एका फाटलेल्या खाचेचा इतिहास

पीएचडीच्या पहिल्या वर्षी विभागातली एक जुनी तुला साफ करताना माझ्या हातून एका स्क्रूची खाच फाटली. हाताला लागला तो पेचकस घेतला होता. त्याचं पातं खाचेपेक्षा पातळ होतं. जोर लावला आणि ते घसरलं. नवा स्क्रू आणू म्हणून दुकानं पालथी घातली, पण एकाचेही आटे त्या भोकात बसेनात. तेव्हा प्रश्न पडला: पूर्वीचे लोक काय करायचे? उत्तर शोधत मी जुन्या बंदुकांपर्यंत पोचलो. कारण बंदूक साफसफाईसाठी पुन्हा पुन्हा उघडावी लागते आणि दर वेळी मार खातं ते स्क्रूचं डोकं.

आज खाच गेली की आपण स्क्रू बदलतो. ही सोय तशी अलीकडची आहे. अठराव्या शतकातला युरोपातला बंदूककार कडक पोलादाच्या पट्टीतल्या भोकांतून लोखंडी दांडी फिरवून आटे पाडायचा. ज्याची त्याची पट्टी वेगळी, म्हणून आटेही वेगळे. डोकं कानशीने घासून त्याच जागी बसवलेलं असायचं. उंची कामात तर स्क्रू पूर्ण आवळल्यावर खाच नळीच्या रेषेत यावी, इतकी काळजी घेतलेली दिसते. असा स्क्रू शेजारच्या भोकातही नीट बसत नाही, मग दुसऱ्या बंदुकीची गोष्टच सोडा.

हे बदलायला बराच काळ गेला. 1785 मध्ये पॅरिसला ओनोरे ब्लाँ या कारागिराने सुट्या भागांचे ढीग मांडले होते. त्यांतून हाताला येईल तो भाग उचलून थॉमस जेफरसन यांनी स्वतः बंदुकीची लॉक जोडून पाहिली. (लॉक म्हणजे घोडा, कमान वगैरे असलेली, बार उडवणारी यंत्रणा.) 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमध्ये एकसारख्या आट्यांची पद्धत मांडली: आट्याचा कोन 55 अंश, आणि जाडीनुसार इंचाला किती आटे ते ठरलेलं. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात रॉबिन्स अँड लॉरेन्स या अमेरिकी कंपनीने भाग अदलाबदल करता येतील अशा सहा रायफली ठेवल्या. 1854 मध्ये ब्रिटिश समिती अमेरिकेत जाऊन ही यंत्रं पाहून आली आणि ती एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात बसली.

एनफिल्ड हे नाव आपल्याला 1857 च्या काडतुसांमुळे शाळेपासून माहीत आहे. ती रायफल 1853 च्या नमुन्याची. पण गंमत अशी, की हाच नमुना दोन तऱ्हांनी बनत होता. एनफिल्डच्या यंत्रांवरच्या रायफलींचे भाग एकमेकांना चालायचे. बर्मिंगहॅम आणि लंडनच्या बहुतेक ठेकेदारांच्या रायफली मात्र हातानेच जुळवलेल्या असायच्या. त्यांच्या लॉकच्या आतल्या भागांवर, स्क्रूंवरही, कानशीच्या बारीक रेघा सापडतात. हा स्क्रू याच लॉकचा, ही ती खूण. म्हणजे नमुना तोच, तरी एका रायफलीचा स्क्रू बदलता येतो आणि दुसरीचा दुरुस्तच करावा लागतो.

आता दुरुस्तीकडे येऊ. पातं खाचेत घट्ट बसलं तर जोर खाचेच्या भिंतींवर पसरतो. सैल असेल तर तो दोन कडांवर एकवटतो. धातू दबून वर येतो आणि कंगोरा तयार होतो. सोपा उपाय म्हणजे कानशीने कंगोरा घासून खाच खोल करणं. पण अनेक जुन्या स्क्रूंची डोकी कोळशाच्या भुकटीत तापवून वरून कडक केलेली असतात. कार्बन पृष्ठभागातून थोडाच आत शिरतो, त्यामुळे तो कडक थर पातळ असतो. कानशीने तोच जातो आणि खालचं मऊ लोखंड पुढच्या वेळी आणखी लवकर फाटतं.

म्हणून जाणकार धातू काढत नाहीत, परत जागेवर ढकलतात. छोट्या हातोडीने हलके ठोके देत कंगोरा खाचेकडे वळवतात. पातळ कानस शेवटी, तीही फक्त खाच सरळ करण्यापुरती. पण कडक थर ठोक्याने तडकू शकतो. मग आधी तापवून नरम करायचं आणि नंतर पुन्हा कडक करायचं. त्या उष्णतेने मूळ रंगही जातो. पोलादावरची निळी झाक म्हणजे साधारण 300 अंश सेल्सिअसला बसलेला ऑक्साइडचा पातळ थर. नवी निळाई चढवता येते, पण ती आजची असते, 1850 च्या दशकातली नव्हे.

फुकट दुरुस्ती नसतेच. फाटलेली खाच सांगते की ही लॉक कुणीतरी उघडली होती आणि त्याच्याकडे योग्य पेचकस नव्हता. संशोधकाच्या दृष्टीने ही माहितीच आहे. सगळं चकचकीत केलं की ती पुसली जाते.

तुम्हीही उद्या प्रयोगशाळेत किंवा संग्रहालयात जुनी वस्तू हाती घ्याल. आधी फोटो काढा. स्क्रू कुठल्या भोकातला ते लिहा, रेघा-खुणा भिंगाखाली पाहा. पातं खाचेच्या मापाने घासून घ्या. आणि मगच ठरवा, हा स्क्रू खरंच उघडायचा आहे का? माझ्या तुलेचा तो स्क्रू अजून तसाच फाटका आहे. त्याच्या चिठ्ठीवर तारीख आहे आणि खाली माझं नाव.