केमिकल इंजिनिअर, अहमदाबाद आणि कॉमेंटरी बॉक्स

आजचा भाग थोडा माझ्या स्वार्थाचा आहे, ते आधीच सांगून टाकतो.

मागच्या पोळ्याला गावी गेलो होतो. गाव बपेरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. पलीकडे लगेच मध्य प्रदेश. बैल धुऊन झाले, पुरणपोळी झाली, आणि मी बाबांना सांगितलं की कॅटचा फॉर्म भरतोय, एमबीए करायचं म्हणतो. बाबा म्हणाले, "आता आखिन शिकाचं हाय का तुले?" प्रश्न चुकीचा नव्हता. बीटेकचं कर्ज फेडून वर्षही झालं नाही, वय अठ्ठावीस, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी चालू. ती सोडून दोन वर्षं बिनपगारी राहायचं, वर नवीन कर्ज. मला उत्तर देता आलं नाही. म्हणून परत आल्यावर जरा मागे जाऊन बघितलं, की इंजिनिअर लोक हा रस्ता धरतात ते कधीपासून आणि कशासाठी.

हा रस्ता आपण समजतो त्यापेक्षा जुना आहे. हार्वर्डची बिझनेस स्कूल 1908 ची. पण खास इंजिनिअरांसाठी विचार केला एमआयटीने. 1914 मध्ये तिथे 'इंजिनिअरिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' नावाचा कोर्स सुरू झाला. कारण साधं होतं. कारखाने मोठे झाले होते, मशीन चालवणारा माणूस कारखाना चालवायला लागला होता, आणि ते त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. पुढे याच शाळेला ज्या आल्फ्रेड स्लोनचं नाव लागलं, तो जनरल मोटर्सचा प्रमुख स्वतः एमआयटीचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर.

आपल्याकडे 1961 च्या शेवटी महिन्याभराच्या अंतराने दोन आयआयएम निघाल्या. कोलकात्याने एमआयटीचा हात धरला, अहमदाबादने हार्वर्डचा. मुंबईत 1965 मध्ये जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट आली. गंमत म्हणजे आयआयएमवाले कित्येक वर्षं एमबीए देतच नव्हते, डिप्लोमा द्यायचे. पदवी द्यायचा अधिकार मिळाला तो 2017 च्या कायद्याने. म्हणजे ज्यांना आपण 'एमबीए झालेले' म्हणतो, त्यातल्या पुष्कळांकडे कागदावर ते अक्षरच नाही!

आता माणूस घेऊ. आवाज तुम्ही सगळे ओळखता. हर्षा भोगले. हैदराबादच्या मराठी घरातला मुलगा, जन्म 1961 चा, आईवडील दोघेही प्राध्यापक. उस्मानिया विद्यापीठातून केमिकल इंजिनिअरिंग, मग आयआयएम अहमदाबाद. तिथून रेडिफ्यूजन या जाहिरात कंपनीत दोन वर्षं, नंतर दोन वर्षं स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या कंपनीत. आणि 1991-92 ला भारत ऑस्ट्रेलियात गेला तेव्हा तिथल्या एबीसी रेडिओने त्यांना कॉमेंटरीला बोलावलं. असं बोलावणं आलेले ते पहिले भारतीय.

यूट्यूबवर ही गोष्ट 'इंजिनिअरिंग सोडलं आणि स्वप्न जगला' अशी सांगतात. मला ती पटत नाही. कारण कॉमेंटरी डिग्रीच्या नंतर आली नाही, आधी आली. एकोणीसाव्या वर्षीच ते आकाशवाणी हैदराबादवर बोलत होते. शिवाय हैदराबादेत 'ए' डिव्हिजन क्रिकेट खेळले, विद्यापीठाकडून रोहिंटन बारिया स्पर्धा खेळले. खेळ आणि आवाज दोन्ही हाताशी होतं. मग अहमदाबादने दिलं काय? माझा अंदाज सांगतो. त्या काळी नुसत्या कॉमेंटरीवर घर चालवायचा भरवसा कोण देणार? केमिकल प्लांटमधून थेट माइकपाशी उडी मारणं जवळपास अशक्य होतं. पण प्लांटमधून जाहिरातीत, जाहिरातीतून खेळाच्या धंद्यात, आणि तिथून माइकपाशी, अशा छोट्या ढांगा टाकता येतात. पहिली ढांग त्या डिप्लोम्यामुळे पडली. आणि ते शिक्षण पुढे वायाही गेलं नाही. पत्नी अनिता, त्याही आयआयएम अहमदाबादच्याच. दोघांनी मिळून 2011 मध्ये 'द विनिंग वे' हे पुस्तक लिहिलं, खेळातून मॅनेजर लोकांनी काय घ्यावं यावर.

म्हणून कॉलेजातल्या ज्युनिअर पोरांना मी एकच गोष्ट विचारतो. तुमचा आकाशवाणी हैदराबाद कोणता? तो नसेल तर एमबीए करून तुम्ही फक्त जास्त हप्ते भरणारे इंजिनिअर व्हाल. जरा कडू आहे, पण मी स्वतःलाही हेच विचारतोय.

अजून एक. हार्वर्डकडून अहमदाबादने जी शिकवायची पद्धत घेतली तिला केस मेथड म्हणतात. काही पानांत एका कंपनीची खरी अडचण दिलेली असते. माहिती अर्धवट. शेवटी प्रश्न एकच: तुम्ही असता तर काय केलं असतं? आपल्या बीटेकच्या पेपरात न्यूमेरिकलचं उत्तर एकच यायचं, पुस्तकाच्या मागे छापलेलं. इथे मागे काहीच छापलेलं नाही. इंजिनिअरला अवघड जातं ते गणित नाही, हे.

आता हे शिकायला अहमदाबादलाच जावं लागतं असं नाही. 2015 पासून नागपुरात आयआयएम आहे. सुरुवात व्हीएनआयटीच्या आवारातून झाली आणि अहमदाबादनेच तिला सांभाळलं. आता मिहानमध्ये स्वतःचा कॅम्पस आहे. आमच्या तुमसरकडून म्हणाल तर सकाळी निघून संध्याकाळी परत.

हे सगळं वाचून झाल्यावर रात्री बाबांना फोन केला. केस मेथड समजावून सांगितली आणि त्यांनाच एक केस दिली. उन्हाळी धान घरात आहे. व्यापारी भाव कमी देतो, पण रोख देतो. सरकारी खरेदी केंद्र हमीभाव देतं, पण पैसे कधी येतील ते नक्की नाही. खतवाल्याची उधारी महिन्यावर आली आहे. काय कराल?

बाबा म्हणाले, "अर्धा इकडं, अर्धा तिकडं. दरसाली तेच त करतो." मी विचारलं, अर्धाच का? तर वीस मिनिटं बोलले. पोत्यांचा हिशोब, बारदाना, ओलावा, ट्रॅक्टरचं भाडं, कोणता व्यापारी काटा मारतो, सगळं. मी वहीत लिहून घेतलं, दोन पानं भरली.

मग थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तुह्या त्या फारमची आखरी तारीख कोनती हाय?"