छिन्नमनस्कता : समाजाधारित उपचार व खर्च
गरीब देशांत छिन्नमनस्कतेवर (स्किझोफ्रेनिया) हॅलोपेरिडॉलसारखी जुनी औषधे स्वस्तात मिळतात. खर्चाचा मोठा भार पडतो तो रुग्णालयातील खाटांचा. म्हणून घराजवळच्या उपचारांना महत्त्व आले. सातारा, गोवा व तमिळनाडूत झालेल्या ‘कॉप्सी’ चाचणीत (निष्कर्ष : ‘द लॅन्सेट’, २०१४) २८२ रुग्ण होते. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का ते पाहत, कुटुंबाला आजार समजावून सांगत, रुग्णाला पुन्हा कामाला लागण्यास मदत करीत. वर्षअखेर केवळ दवाखान्यातील उपचारांपेक्षा लक्षणे व अक्षमता काहीशी अधिक घटली. खर्च मात्र वाढला. तो वायफळ मानणे अन्यायाचे आहे, कारण रुग्णाला सांभाळायला घरी थांबलेल्या आईची बुडालेली मजुरी सरकारी हिशेबात सहसा धरलीच जात नाही.