समाजस्वास्थ्य खटले

समाजस्वास्थ्य खटले म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे (१४ जानेवारी १८८२ – १४ ऑक्टोबर १९५३) यांच्यावर समाजस्वास्थ्य या मराठी मासिकातील मजकुराबद्दल मुंबईत भरण्यात आलेले अश्लीलतेचे फौजदारी खटले होत. यांपैकी १९३१ व १९३४ मधील खटले विशेष प्रसिद्ध आहेत. दोन्हींत कर्वे यांना दोषी ठरवून दंड करण्यात आला. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. कामजीवन व संततिनियमन यांविषयीचे शास्त्रीय ज्ञान लोकभाषेत छापण्याचा अधिकार आणि धर्माधिष्ठित नीतिकल्पना यांच्यातील संघर्षाचे उदाहरण म्हणून या खटल्यांकडे पाहिले जाते.

पार्श्वभूमी

र. धों. कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. ते गणिताचे प्राध्यापक होते आणि १९१९ मध्ये गणिताच्याच पुढील अभ्यासासाठी पॅरिसला गेले होते. तेथून परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये असे केंद्र उघडले होते. कर्वे यांचे 'संततिनियमन : आचार आणि विचार' हे पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. केंद्राच्या कामात पत्नी मालतीबाई यांचा सहभाग होता. या दांपत्याने स्वेच्छेने अपत्य होऊ दिले नाही.

या कार्याला पहिला मोठा विरोध त्यांच्या नोकरीच्या ठिकाणी झाला. स्कॉटिश मिशनऱ्यांनी स्थापन केलेल्या विल्सन महाविद्यालयात ते शिकवीत होते. संततिनियमनाचा प्रचार थांबवावा किंवा नोकरी सोडावी, असा पर्याय समोर आल्यावर १९२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. विरोध कोणत्याही एका धर्मापुरता नव्हता. ख्रिस्ती संस्थेने जी भूमिका घेतली, तीच पुढे हिंदू सनातनी वर्तुळांनीही घेतली. धर्मसुधारक वा राष्ट्रीय नेतेही संततिनियमनाच्या साधनांना अनुकूल होतेच असे नाही. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्धा येथे महात्मा गांधींना भेटल्या, तेव्हा गांधींनी कृत्रिम साधनांना विरोध दर्शवून ब्रह्मचर्य व आत्मसंयम यांचाच पुरस्कार केला.

समाजस्वास्थ्य मासिक

समाजस्वास्थ्यचा पहिला अंक १५ जुलै १९२७ रोजी निघाला. शेवटचा अंक कर्वे यांच्या निधनानंतर नोव्हेंबर १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. लैंगिक शिक्षण, गुप्तरोग, गर्भनिरोधाची साधने, वेश्याव्यवसाय, विवाहसंस्था आणि बुद्धिवाद हे त्याचे मुख्य विषय होते. वाचकांच्या खाजगी शंकांना उत्तरे देणारे सदर मासिकात असे. वैद्यकाकडे किंवा घरातील वडीलधाऱ्यांकडे जे विचारणे शक्य नव्हते, ते वाचक येथे पत्राने विचारीत. मासिकाच्या मुखपृष्ठावरील नग्न स्त्रीचित्रांवरही टीका होत असे. नग्नतेत मुळात काही लाजिरवाणे नाही, अशी संपादकाची भूमिका होती.

कर्वे यांच्या लेखनाचा गाभा असा होता की, स्त्रीपुरुषसंबंधांची योग्यायोग्यता धर्माज्ञेवरून ठरवू नये; त्यातून व्यक्तीला किंवा इतरांना इजा होते काय, हे पाहावे. शरीराची माहिती लपविल्याने नीती वाढत नाही, रोग आणि भीती मात्र वाढतात, असे ते मांडीत. त्यामुळे मासिक केवळ आरोग्यविषयक राहिले नाही. धर्मग्रंथांच्या अधिकारालाच ते आव्हान देत होते.

कायद्याची चौकट

खटल्यांच्या वेळी भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ नुसार अश्लील मजकूर विकणे वा प्रसृत करणे हा गुन्हा होता. मात्र 'अश्लील' कशाला म्हणावे, याची व्याख्या कलमात नव्हती. न्यायालये १८६८ च्या इंग्लंडमधील हिकलिन खटल्यातील कसोटी वापरीत. ज्यांच्या मनावर अनिष्ट परिणाम होऊ शकतो अशांच्या हाती मजकूर पडल्यास त्यांना बिघडविण्याची प्रवृत्ती त्यात आहे काय, असा तिचा आशय होता. लेखकाचा हेतू चांगला असणे हा या कसोटीपुढे बचाव ठरत नसे. हिकलिन खटलाही धर्माशी संबंधित होता. त्यातील वादग्रस्त पुस्तिका रोमन कॅथलिक पंथातील पापनिवेदनाच्या प्रथेवर टीका करणारी होती.

कलम २९२ मध्ये धार्मिक प्रयोजनासाठी प्रामाणिकपणे वापरले जाणारे ग्रंथ, तसेच देवळांवरील व रथांवरील शिल्पे व चित्रे यांना सूट होती. शास्त्रीय लेखनाला तशी सूट नव्हती. त्यामुळे मंदिराच्या भिंतीवरील मिथुनशिल्प कायद्याच्या कक्षेबाहेर राही, तर त्याच क्रियेचे वैद्यकीय विवेचन कक्षेत येई.

समाजस्वास्थ्य सुरू झाले त्याच वर्षी, १९२७ मध्ये, दंड संहितेत कलम २९५-अ घालण्यात आले. जाणूनबुजून व दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावणे त्यानुसार गुन्हा ठरले. मुंबईतील बुद्धिवादी संघटनेच्या 'रीझन' या इंग्रजी नियतकालिकाचे संपादक डॉ. चार्ल्स लायोनेल द'अव्हॉइन यांच्यावर धर्म व नीती यांविषयीच्या एका लेखाबद्दल १९३३ मध्ये या कलमाखाली कारवाई झाली. परंतु त्यांची निर्दोष मुक्तता झाली. कलम २९५-अ मध्ये दुष्ट हेतू सिद्ध करावा लागतो. अश्लीलतेच्या कलमात हेतूला महत्त्व नसल्याने तेथे सुटका अधिक कठीण होती.

१९३१ चा खटला

पहिला खटला 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून झाला. सनातनी मंडळींच्या तक्रारीनंतर कर्वे यांना अटक करण्यात आली. न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून १०० रुपये दंड केला. या निर्णयाविरुद्ध त्यांनी केलेले अपील फेटाळण्यात आले.

१९३४ चा खटला

दुसरा खटला लेखावरून नव्हे, तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून झाला. हे प्रश्न हस्तमैथुन व समलिंगी संबंध अशा विषयांवरील होते. आंबेडकर यांनी कर्वे यांची बाजू मांडली. आसफ अली असगर फैजी हे त्यांचे सहकारी वकील होते.

बचावाचा मुख्य मुद्दा असा होता की, लैंगिक विषयावरील प्रत्येक लेखन अश्लील मानता येणार नाही. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण हा आहे, आणि वाचक शंका विचारीत असतील तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे. एखादी प्रवृत्ती विकृत वाटत असली, तरी ती ज्ञानानेच दूर होईल. उत्तर दडपल्याने नव्हे, असे आंबेडकर यांचे म्हणणे होते. समलिंगी संबंधांबाबत त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. कर्वे यांना २०० रुपये दंड झाला.

परिणाम

समाजस्वास्थ्यची वर्गणीदार संख्या मर्यादित होती आणि नोकरी सोडल्यापासून कर्वे यांच्याकडे स्थिर उत्पन्न नव्हते. त्यामुळे दंड व न्यायालयीन खर्च यांचा भार मोठा होता. तरीही मासिक बंद पडले नाही व त्याची भूमिकाही बदलली नाही. 'आधुनिक कामशास्त्र' हे कर्वे यांचे पुस्तक १९३४ मध्येच प्रसिद्ध झाले.

आंबेडकर यांचा या विषयाशी संबंध खटल्यापुरता राहिला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या उपायांविषयी ठराव मांडण्यात आला. तो नामंजूर झाला. पुढे १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ज्या प्रचारासाठी कर्वे यांना नोकरी सोडावी लागली होती, तो त्यांच्या हयातीतच सरकारी धोरणाचा भाग बनला.

नंतरचा कायदा

१९६४ मध्ये रणजित उदेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिकलिन कसोटीचा मूळ आधार कायम ठेवला. १९६९ मध्ये कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन विज्ञान, साहित्य, कला वा विद्या यांच्या हिताचे व लोकहितासाठी समर्थनीय असलेले प्रकाशन अपवाद म्हणून मान्य करण्यात आले. कर्वे यांच्या मृत्यूला तेव्हा सोळा वर्षे झाली होती. २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिकलिन कसोटी नाकारून समकालीन समाजमानकांची कसोटी स्वीकारली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये शास्त्रीय व धार्मिक असे दोन्ही अपवाद आहेत.

साहित्य व कलांमधील चित्रण

य. दि. फडके यांनी र. धों. कर्वे यांचे चरित्र लिहिले आहे. अमोल पालेकर दिग्दर्शित 'ध्यासपर्व' (२००१) हा मराठी चित्रपट कर्वे यांच्या जीवनावर आधारित असून त्यात किशोर कदम व सीमा बिस्वास यांच्या प्रमुख भूमिका आहेत. अजित दळवी लिखित व अतुल पेठे दिग्दर्शित 'समाजस्वास्थ्य' हे नाटक या खटल्यांवर बेतलेले आहे.