४८ मुलांच्या नोंदी

नोंदी ठेवण्याचा कंटाळा कोणत्या शिक्षकाला येत नाही? पण कर्करोगाविषयीचा एक फार मोठा विचार सूक्ष्मदर्शकाखाली नव्हे, तर रुग्णालयाच्या जुन्या नोंदींत सापडला.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे आल्फ्रेड नडसन यांनी १९४४ ते १९६९ या काळातील ४८ मुलांचे कागद चाळले. आजार होता रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग. २३ मुलांच्या दोन्ही डोळ्यांत तो होता, २५ मुलांच्या एकाच. दोन्ही डोळ्यांचा आजार लहान वयातच दिसे, एका डोळ्याचा उशिरा. नडसन यांनी वयांचे आलेख काढले. पहिल्या गटाचा आलेख एका आघाताशी जुळला, दुसऱ्याचा दोन आघातांशी. हे १९७१ साली प्रसिद्ध झाले.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. पहिल्या गटातील मुलांच्या प्रत्येक पेशीत एक प्रत जन्मतःच बिघडलेली होती; उरलेली बिघडायचाच अवकाश! इतर बहुतेक मुलांत मात्र एकाच पेशीत दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. त्याला वेळ लागतो.

ते जनुक १९८६ साली तेराव्या गुणसूत्रावर हाती लागले. त्याचे प्रथिन पेशीविभाजनाचा ब्रेक आहे. कांद्याच्या मुळाची स्लाइड मुरुमच्या शाळेतही करता येते. तीत गुणसूत्रे दोन टोकांकडे जाताना दिसतात. हा ब्रेक त्याच्या बराच आधी, डीएनएची नक्कल सुरू होण्यापूर्वी लागतो. दोन्ही प्रती गेल्या की पेशी थांबत नाही. शिवाय गुणसूत्रांची वाटणीही चुकू लागते आणि बिघाडात बिघाड वाढतो.

असे मूल घरात निघाले की आपल्याकडे ग्रहण नाहीतर आईचे खाणेपिणे आठवते. दोन्हींचा इथे संबंध नाही. दोष आईकडून येऊ शकतो तसा वडिलांकडूनही. घराण्यात तो प्रथमच उद्भवला असेल, तर बहुधा वडिलांच्या शुक्रपेशीत. पुढच्या पिढीत तो उतरण्याची शक्यता मात्र निम्मी.

आपल्या भागातही नोंदींचे काम झाले आहे. १९८७ साली बार्शी येथे ग्रामीण भारतातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. भूम आणि परंडा तालुक्यांतील गावे तीत होती.

हा आजार बहुधा पाच वर्षांच्या आत होतो, म्हणून बालवाडीच्या बाईंनाही सांगून ठेवावे: मुलाच्या बाहुलीत, कधी फोटोतही, पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा, आणि निदान झाले तर धाकट्या भावंडांचे डोळेही तपासून घ्या.